हेडलाइटमधले पाणी आणि भोकाचा उपाय

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुतली जाते, सकाळी झेंडूची माळ चढते आणि त्याच आठवड्यात एखाद्या पहाटे हेडलाइटच्या काचेला आतून घाम फुटलेला दिसतो. पावसाळ्याच्या शेवटापासून थंडी पडेपर्यंत खान्देशातल्या गॅरेजांत ‘भाऊ, लाइटमा पानी शिरी गयं’ ही तक्रार रोजची असते. त्यावर दोन उपाय हातोहात सांगितले जातात. पहिला म्हणजे ड्रिलने असेंब्लीच्या, म्हणजे दिव्याच्या अख्ख्या डब्याच्या, तळाला भोक पाडायचे, पाणी आपोआप गळून जाईल. दुसरा म्हणजे सिलिकॉनची ट्यूब आणायची आणि दिसेल त्या फटीवर, दिसेल त्या छिद्रावर लेप मारून टाकायचा. या दोन्ही उपायांनी चांगले दिवे कायमचे बाद होतात. मोटार विद्युत दुरुस्तीचे काम करणारे म्हणून हे थांबावे असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत. जागेअभावी कापावे लागले तर निदान भोकाबद्दलचा भाग ठेवावा, ही विनंती.

हेडलाइट हवाबंद नसतो. तो तसा बनवलेलाच नसतो. आजच्या बहुतेक गाड्यांत आपण जिला काच म्हणतो ती पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. मागचा डबाही प्लास्टिकचा असतो आणि दोन्ही एका खोबणीत सीलंटने जोडलेले असतात. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते, विझला की आकसते. तिला ये-जा करायला वाट हवी म्हणून डब्याच्या मागच्या अंगाला श्वासछिद्रे ठेवलेली असतात. कुठे ती कोपरासारखी वाकवलेली, तोंड खाली केलेली रबरी नळी असते, कुठे लहानशा टोपीखाली दडलेले छिद्र, तर कुठे नाण्याएवढी पातळ चकती. या चकतीतून हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही.

ही वाट बुजली की काय होते, हे खान्देशच्या हवेत चटकन समजते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. रस्त्यावरून आलेल्या गाडीचा दिवा इंजिनच्या आणि बल्बच्या उष्णतेने आतून ७० अंशांपर्यंत तापला आहे असे धरू. अशात त्यावर वळवाची सर आली, किंवा वॉशिंग सेंटरवर गार पाण्याचा फवारा बसला आणि आतली हवा ३० अंशांवर उतरली, तर ती जवळजवळ १२ टक्के आकसते. दहा लिटर पोकळीचा दिवा अशा वेळी लिटरभराहून जास्त हवा बाहेरून आत ओढतो. श्वासछिद्र मोकळे असेल तर ती तिथून मुकाट येते. काळ्या मातीच्या चिखलाने ते बुजले असेल, तर दिवा जिथून जमेल तिथून ओढतो, म्हणजे काचेच्या सांध्यातून किंवा मागच्या टोपीच्या कडेने. त्या क्षणी सांध्यावर पाणी साचलेले असते, आणि हवेसोबत तेच आत खेचले जाते. सिलिकॉनने सगळी छिद्रे बुजवणारा माणूस नेमकी हीच स्थिती स्वतःच्या हाताने तयार करतो. वर आत अडकलेली वाफ बाहेर जाण्याचा रस्ताही बंद करतो.

आता धुके आणि पाणी यांतला फरक. तो कळला तर निम्मी दुरुस्ती टळेल. ३० अंशांच्या, ८० टक्के दमट हवेत दर घनमीटरला साधारण २४ ग्रॅम वाफ असते. पहाटे काच २२ अंशांवर आली की त्या हवेत १९ ग्रॅमच मावते. उरलेले ५ ग्रॅम घनमीटरमागे. आपल्या दहा लिटरच्या दिव्यात त्याचा हिशेब होतो ०.०५ ग्रॅम, म्हणजे पाण्याचा एक थेंब. तो एक थेंब बारीक कणांनी काचेवर पसरला की अख्खा कोपरा पांढुरका दिसतो. म्हणजे नुसत्या हवेतल्या वाफेतून एका रात्रीत थेंबभरच पाणी निघू शकते. दिव्याच्या तळाशी चमचाभर पाणी हलताना दिसत असेल, तर ते शंभर थेंब झाले. ते हवेतून आलेले नाही, बाहेरून शिरलेले आहे.

त्यामुळे आधी तपासून पाहावे. गाडी सुरू ठेवून लो बीम, म्हणजे जवळचा झोत, अर्धा ते पाऊण तास लावून ठेवावा, किंवा तेवढा वेळ दिवे लावून गाडी चालवावी. धुके कडेकडेने विरत गेले, उरले तर एखाद्या कोपऱ्यात थोडे उरले आणि कोरड्या दिवशी तेही गेले, तर दिवा निरोगी आहे. त्याला हात लावू नये. उलट काचेवर ओघळ असतील, टपोरे थेंब असतील, तळाशी पाणी असेल, बल्बच्या बुडाला गंज किंवा कपलरच्या, म्हणजे वायरच्या प्लगच्या, पिनांवर हिरवट-पांढरी भुकटी असेल, तर गळती आहे. दोन्ही दिव्यांची तुलना करावी. दोन्हींत सारखेच हलके धुके असेल तर ते हवेचे, एकातच असेल तर संशय त्या दिव्यावर.

आणखी एक गफलत नेहमी होते. जुन्या गाडीची काच उन्हाने पिवळट, दुधी होते ती बाहेरून, कारण वरचा संरक्षक थर उडालेला असतो. तिलाही लोक ओल समजतात. ओल्या फडक्याने काच पुसावी. ओली असेपर्यंत ती स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर दोष बाहेरचा. तिथे पॉलिशचे काम आहे, ओलीचे नाही.

एलईडी दिव्यांच्या मालकांना वेगळे सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त घाबरतात ते. हॅलोजन बल्ब बरीच उष्णता उजेडासोबत पुढे फेकतो, त्याने काच आतून तापते आणि धुके लवकर जाते. एलईडीची उष्णता मागच्या बाजूला, हीट सिंककडे म्हणजे उष्णता शोषून बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाकडे जाते. पुढची काच गारच राहते. म्हणून एलईडी दिव्यातले साधे धुके जायला जास्त वेळ लागतो, कधी एखादा दिवसही. तो दोष नव्हे. पण त्याच दिव्यात खरोखर पाणी शिरले असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. आत एलईडीला करंट पुरवणारे ‘ड्रायव्हर’ नावाचे सर्किट असते, ते गेले की बहुतेक गाड्यांत पूर्ण असेंब्लीच घ्यावी लागते आणि ती हॅलोजनच्या असेंब्लीच्या कित्येक पट महाग पडते.

गळतीची कारणे शोधताना लोक आधी काचेच्या सांध्याकडे बघतात. आम्ही सांगतो, आधी मागची टोपी बघा. बल्ब बदलल्यावर मागची रबरी किंवा प्लास्टिकची टोपी नीट न बसवणे, हे पाणी शिरण्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त दिसणारे कारण आहे. घाईत टोपी एका बाजूने चढते, दुसऱ्या बाजूने अर्धी उघडी राहते. रबरी टोपी असेल तर तिची आतली ओठी दुमडली जाते. फिरवून बसणारी टोपी असेल तर ती पूर्ण फिरून शेवटच्या खाचेत बसली पाहिजे. तिच्या खोबणीतली रबरी रिंग चपटी झाली असेल, कडक होऊन तडकली असेल तर बदलावी. इथल्या उन्हाळ्यात बोनेटखालचे रबर लवकर कडक होते. टोपी आणि रिंग ही असेंब्लीच्या मानाने अगदी स्वस्त वस्तू आहेत. त्यांवर कंजूषी करू नये. रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. साधे बेअरिंगचे ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावू नये. अशा रिंगा बऱ्याचदा ईपीडीएम रबराच्या असतात आणि खनिज तेलाने ते रबर फुगून सैल होते.

दुसरे कारण बाजारातल्या पंखेवाल्या एलईडी बल्बचे. त्याची मागची पंख्याची डबी मूळ बल्बपेक्षा लांब असते, टोपी लागत नाही, मग टोपीला ब्लेडने गोल कापून डबी बाहेर काढतात किंवा टोपीच फेकून देतात. त्या दिवसापासून त्या दिव्यात चाकाने उडवलेले पाणी, धूळ आणि डास यांना खुला प्रवेश मिळतो. पंखा तर धूळ ओढूनच घेतो. शिवाय हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये, म्हणजे उजेड पुढे फेकणाऱ्या आतल्या आरशात, असा बल्ब बसवला की प्रकाशाचा उगम मूळ जागेवर राहत नाही, झोत विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ६०/५५ वॉटच्या एच-४ च्या जागी १००/९० वॉटचा बल्ब टाकणाऱ्यांचीही गत वेगळी नाही. होल्डर करपतो, रिफ्लेक्टरचा चकाकता थर भाजतो, टोपीचे रबर कडक होते आणि शेवटी पाणी शिरतेच.

तिसरे कारण प्रेशर वॉशर. त्याचा बारीक, टोकदार फवारा जवळून थेट काचेच्या कडेवर किंवा बोनेट उघडून दिव्याच्या पाठीवर मारला जातो. पावसाचे पाणी जिथून कधीच आत गेले नसते, तिथून हे पाणी जाते. वॉशिंग सेंटरवाल्या बंधूंना आमची विनंती आहे की दिव्याजवळ नोझल हातभर तरी लांब धरावी, पंख्यासारखा पसरट फवारा वापरावा, आणि लांबून तापून आलेली गाडी अर्धा तास सावलीत उभी करून मगच धुवावी. दिवाळीच्या गर्दीत अर्धा तास जड वाटतो, हे आम्हाला कळते.

बाकीची कारणे थोडक्यात. किरकोळ धडकेत दिव्याचा कान, म्हणजे बोल्ट बसतो ती पट्टी, तुटतो आणि त्या मुळाशी केसासारखी चीर जाते, ती बाहेरून दिसतही नाही. खडीच्या रस्त्यावर उडालेल्या दगडाने काचेला तडा जातो. झोत वर-खाली करणाऱ्या स्क्रूच्या बुडाची रिंग झिजते. अपघातानंतर बसवलेल्या स्वस्त नकली असेंब्लीत सीलंटच अर्धवट भरलेले असते. काही नकली दिव्यांत तर श्वासछिद्राची रबरी नळीही नसते, नुसते भोक असते. घेताना मूळ दिवा शेजारी ठेवून मागची बाजू ताडून पाहावी.

गळतीची नेमकी जागा सापडल्याशिवाय ट्यूब हातात घेऊ नये. शोधण्याची रीत सोपी आहे. दिवा काढण्याआधी बटण बंद करून बल्ब गार होऊ द्यावा. बऱ्याच गाड्यांत दिव्याचे बोल्ट १० मिमीच्या पान्याचे असतात, काहींत मात्र बंपर सैल केल्याशिवाय दिवा निघत नाही. तिथे ओढाताण करू नये, कान तिथेच तुटतात. दिवा बाहेर आला की आतले पाणी मागच्या तोंडातून ओतून टाकावे आणि तो पूर्ण वाळवून घ्यावा, मग पुढची तपासणी. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर भांडी घासायचा लिक्विड साबण मिसळावा. एक सोडून सगळी श्वासछिद्रे बोटाने किंवा टेपने बंद करावीत. ज्या छिद्रांवर पातळ चकती आहे तिथे टेप चकतीवर नको, भोवतीच्या कडेवर लावावी. उरलेल्या छिद्राला रबरी नळी लावून तोंडाने हलकेच फुंकावे आणि दुसऱ्याने ब्रशने सांध्यावर, टोपीच्या कडेवर, स्क्रूंच्या बुडाला साबणपाणी लावत जावे. बुडबुडा जिथे फुगेल तिथे गळती. चकतीवर मात्र साबण लागू देऊ नये. टायरला हवा भरायचा कंप्रेसर यासाठी मुळीच वापरू नये. त्याच्या दाबाने चांगला सांधाही उघडतो.

तोंडाने फुंकणे जमत नसेल तर नळाचे पाणी वापरता येते. दिव्यात मागून कोरडा टिश्यू कागद ठेवावा, टोपी लावावी, आणि बारीक धारेने आधी खालची कड, मग बाजू, शेवटी वरची कड, अशी प्रत्येकी पाच मिनिटे भिजवावी. क्रम खालून वर असाच ठेवायचा. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि गळती कुठली ते कळत नाही.

वाळवण्याबाबत खान्देशाला निसर्गाने मोठी सोय दिली आहे. ऑक्टोबरचे ऊन आणि कोरडा वारा यांच्यापुढे कुठलेही यंत्र नको. बल्ब आणि टोपी काढून, मागचे तोंड मच्छरदाणीच्या कापडाने बांधून, दिवा तीन-चार तास उन्हात ठेवावा. पण काच सूर्याकडे करू नये, काच खाली आणि पाठ वर. प्रोजेक्टर दिव्यात गोल भिंग असते. ते उन्हाला समोर आले की भिंगाने कागद जाळावा तसे आतल्या प्लास्टिकवर ऊन एकवटते आणि ते वितळते. ऊन नसेल तर केस वाळवायचा ड्रायर कमी उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, सतत हलवत वापरावा. काच हाताला सोसवेल इतकीच तापू द्यावी. माशांच्या टाकीचा छोटा हवापंप रात्रभर लावून दिव्यात हवा खेळती ठेवणे, हा एलईडी दिव्यांसाठी आम्हाला सर्वांत पटलेला मार्ग आहे. पंपाकडे जाणारी हवा सिलिका जेल भरलेल्या बाटलीतून फिरवली तर दमट दिवसातही काम होते. सिलिका जेल आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक पाणी धरते. भिजलेले दाणे ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा कोरडे होतात. त्याच्या पुड्या दिव्यात कायमच्या टाकून ठेवण्याचा सल्ला मात्र चुकीचा आहे. पुडी भरली की दिवा तापल्यावर तेच पाणी परत सोडते, आणि घसरून बल्बला टेकली तर जळते. तांदूळ, मीठ असले काही आत टाकूच नये.

आतून फडके फिरवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर वाफेच्या रूपात बसवलेला असतो. एका बोटाने तो निघतो आणि पुन्हा बसत नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार असल्याने ते वाळल्यावर काचेवर आतून पांढरे ठिपके राहतात. हॅलोजनचा साधा, आत सर्किट किंवा मोटर नसलेला दिवा असेल तर बॅटरीत टाकायचे डिस्टिल्ड पाणी कपभर ओतून, हलवून, ओतून टाकावे आणि पुन्हा वाळवावा. एलईडी दिव्यात हे करू नये.

श्वासछिद्रांची नळी काढून धुवावी, मऊ ब्रशने माती काढावी, वाळवून, तोंड खालीच येईल अशी परत बसवावी. चकतीचा प्रकार असेल तर तिला टाचणी टोचू नये, तेलाचा स्प्रे मारू नये. तेल किंवा साबण लागला की तिचा पाणी अडवण्याचा गुणच जातो. फाटली असेल तर बदलायची.

सांध्याचे काम शेवटी, आणि जपून. गळती दोन-तीन सेंटिमीटरच्या तुकड्यातच असेल तर ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडी करून, न्यूट्रल क्युअर, म्हणजे वाळताना आम्ल न सोडणाऱ्या, सिलिकॉनची तीनेक मिलिमीटर जाडीची पट्टी ओढावी आणि २४ तास हात लावू नये. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते वापरू नये, त्यातून सुटणारे आम्ल रिफ्लेक्टरच्या ॲल्युमिनियमला खाते. क्षणात चिकटणारा गोंदही नको, त्याच्या वाफेने काचेवर आतून पांढरा थर बसतो. पेट्रोल आणि थिनरने काच पुसणे म्हणजे तिला बारीक चिरा पाडणे.

सांधा पूर्ण उघडून नवे सीलंट भरायचे असेल तर आधी सीलंट कोणते आहे ते टाचणीने टोचून पाहावे. ब्युटाइल हे रबरी सीलंट काळे, चिकट असते, हीट गनच्या उबेने मऊ पडून तारेसारखे ओढले जाते. असा दिवा गरम करून उघडता येतो. जुने ब्युटाइल खरवडून ९-१० मिमी जाडीची नवी दोरी खोबणीत न ओढता, न तोडता, पूर्ण फेरी होईल अशी घालायची, दोन्ही टोके थोडी एकमेकांवर चढवायची, पुन्हा उबवून काच दाबून बसवायची आणि गार होईपर्यंत क्लॅम्प ठेवायचे. पण गरम करूनही टणकच राहणारे पक्के सीलंट असेल, तर तो दिवा उघडायला जाऊ नये. स्क्रूड्रायव्हरने उचकटताना काच फुटते.

आता भोकाबद्दल. तळाला पाडलेले ३-४ मिमीचे भोक चाकाच्या वरच, पुढच्या अंगाला येते. धुळे-जळगाव महामार्गावर समोरच्या ट्रकने उडवलेले चिखलपाणी त्याच भोकातून वर जाते. पाणी गळते हे खरे, पण धूळ गळत नाही. ती रिफ्लेक्टरच्या थरावर बसते, ओलीने चिकटते, आणि दोन पावसाळ्यांत आरशासारखा रिफ्लेक्टर राखाडी होतो. मूळ गळती तशीच राहते. ड्रिलचा प्लास्टिकचा चुरा आतच पडतो, एलईडी दिव्यात पात्याखाली वायर किंवा सर्किट आले तर दिवा तिथेच संपतो. कंपनीची वॉरंटी भोक पाहताच नाकारली जाते. आणि पाणी काढायचेच असेल, तर मागच्या टोपीचे तोंड कंपनीने दिलेलेच आहे.

कपलरकडे दुर्लक्ष झाले तर दिवा कोरडा होऊनही उजेड कमीच राहतो. ५५ वॉटच्या बल्बमधून १२ व्होल्टला साडेचार अँपिअरहून अधिक करंट जातो. पिनांवर गंज आला की तिथे व्होल्टेज पडते. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळाले तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. करपलेला, पिवळा पडलेला कपलर घासून पुन्हा लावण्यापेक्षा बदलावा. नवा हॅलोजन बल्ब काचेला न शिवता, बुडाला धरून बसवावा. बोटाचा तेलकट ठसा उमटला तर तेवढी जागा जास्त तापून बल्ब लवकर जातो.

दिवा परत बसवल्यावर झोत जुळवणे हा दुरुस्तीचाच भाग आहे, आणि तोच नेहमी राहून जातो. गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी, टायरची हवा नीट असावी, चालक सीटवर बसलेला असावा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेने दाखवावी. लो बीमची वरची रेषा त्या खुणेच्या साधारण १० ते १२ सेंटिमीटर खाली यायला हवी. बऱ्याच गाड्यांत दिव्याजवळच्या स्टिकरवर झोत किती खाली हवा त्याचे टक्के छापलेले असतात. १० मीटरवर एक टक्का म्हणजे १० सेंटिमीटर, असा हिशेब. आपल्याकडे रेषेचा चढ डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेकडे जातो. कडेने चालणारा माणूस दिसावा म्हणून तो तसा ठेवलेला आहे. कापसाने भरलेल्या बैलगाड्या, मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या, चैत्रात सप्तशृंगी गडाकडे रात्री चालणारे पदयात्री, हे सगळे आपल्या रस्त्यांवर त्याच डाव्या कडेला असतात. धुरकट काचेतून आलेला उजेड पसरतो आणि नेमका तिथे पोचत नाही. कन्नड घाटात किंवा कोंडाईबारीत पहाटेच्या धुक्यात हे जास्तच जाणवते.

मोटारसायकल आणि ट्रॅक्टरच्या दिव्यांनाही हेच नियम लागू आहेत. जुन्या ट्रॅक्टरच्या दिव्यात खरी काच आणि भोवती रबरी गोल असतो. तो गोल बदलला की बहुतेक वेळा काम होते. गाडीच्या मागच्या दिव्याच्या गॅस्केटमधून पाणी आले तर ते डिकीत उतरते आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साचते, तेही पावसाळ्यात एकदा गालिचा उचलून बघावे.

गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काही उघडू नये. सकाळी धुके दिसताच फोटो काढावा, दिवे अर्धा तास लावून त्याच जागेवरून दुसरा फोटो काढावा, तळाशी पाणी असेल तर गाडी हलवून त्याचा छोटा व्हिडिओ घ्यावा. हलके धुके कंपन्या दोष मानत नाहीत. साचलेले पाणी मात्र दाखवता आले तर बोलणे सोपे जाते. सर्व्हिस सेंटरने ‘हे नॉर्मल आहे’ म्हटले तर ते जॉब कार्डवर तारखेसह लिहून घ्यावे, म्हणजे वॉरंटी संपल्यावर तोच दिवा बंद पडला तर तक्रार पहिल्यापासून होती, हे कागदावर राहते.

आपले,
मोटार विद्युत दुरुस्तीचे काम करणारे काही कारागीर,
जळगाव